चंदू साटम आणि तिसरा सिलिंडर

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन चंद्रप्रकाश साटम कुठे बसतात असं विचारलंत, तर कुणालाच सांगता यायचं नाही. चंदू मिस्त्री कुठे, म्हणून विचारा. गाळ्याचा पत्ता मिळेल आणि पत्त्याबरोबर फुकटच्या सूचनाही मिळतील. आपणहून बोलायला लागू नका, त्याला काका म्हणू नका, आणि 'जरा बघता का' असं तर मुळीच म्हणू नका. 'जरा' ऐकलं की त्याचं टाळकं सरकतं. गाडी बरी असते नाहीतर आजारी असते, मध्ये जराबिरा काही नसतं, असं त्याचं म्हणणं.

वय एकोणसाठ. बाप लालबागला गिरणीत फिटर होता, गाव कणकवलीच्या अलीकडचं. रागाचं मूळ गाव मात्र अजून कुणाला सापडलेलं नाही. आईकडचे म्हणतात बापाकडून आला, बापाकडचे म्हणतात आईकडून. चिडला की चंदू हातातला पाना फेकतो. पण फेकतो तो कायम एकाच कोपऱ्यात, कारण त्याच्या बायकोने, मालनने, लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तिथे गोणपाटाच्या चार जाड घड्या आणून टाकल्या. चांगल्या पोलादाचा पाना फरशीवर आपटला तर त्याचं तोंड जातं. एकोणतीस वर्षं हा माणूस मनापासून चिडतोय आणि एकोणतीस वर्षं गोणपाटावर नेम धरून चिडतोय, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. सांगणार कोण?

तर मेच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्या दारात एक गाडी आली. टेम्पोवर चढवून आली, तिथेच त्याच्या कपाळावरची शीर उभी राहिली. गाडी ओळखीची होती. साठ-बासष्ट सालची विलायती स्पोर्ट्स कार, दोनच सीटची, छप्पर मागे दुमडणारी, सोड्याच्या बाटलीसारखी हिरवी. तिचे मालक खानविलकरसाहेब ट्रॉम्बेला शास्त्रज्ञ होते. देशाची काय काय गुपितं त्यांच्या पोटात होती देव जाणे, पण गाडीचं दुखणंखुपणं ते चंदूपासून लपवत नसत. दर दोन महिन्यांनी यायचे, स्टुलावर बसायचे, डोळे मिटून इंजिन ऐकायचे आणि म्हणायचे, साटम, डाव्या अंगाला काहीतरी पुटपुटतंय. चंदू उभ्या आयुष्यात ज्या तीनचार माणसांवर चिडला नाही, त्यांतले ते एक. ते वारले आणि गाडी नातवाकडे गेली.

नातवाचं नाव प्रबुद्ध. पवईला त्याचं ऑफिस आहे. लोक गावाला गेले की त्यांच्या खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालायला माणूस पाठवायचा, हा त्याचा धंदा. मोबाइलवर सगळं होतं म्हणे, झाडाला तहान लागली की घंटी वाजते. असा हा लोकांच्या तुळशीची काळजी वाहणारा मुलगा आजोबांची गाडी घेऊन मे महिन्यात खंडाळ्याला निघाला आणि रेडिएटरमध्ये पाणी आहे का ते बघायचं विसरला. काटा लाल रेघेच्या पार गेला तेव्हा त्याने काट्याचा फोटो काढला आणि तसाच घाट चढत राहिला. इंजिनाचा ब्लॉक तडकला. साधी चीर नव्हे, चंदूच्या करंगळीचं नख आत गेलं.

त्या दिवशी चंदूने पाना फेकला नाही. लोकांना खरी भीती त्याचीच वाटली.

बरं, पोराने नुसतं मेलेलं इंजिन आणलं असतं तर एक वेळ चाललं असतं. टेम्पोत मागे ताडपत्रीखाली त्याने दुसरं इंजिन आणलं होतं. मुलुंडला एका चारच वर्षं वापरलेल्या जर्मन गाडीवर गुलमोहर कोसळला. गाडीचा पापड झाला, पण पुढचं सहा सिलिंडरचं इंजिन धडधाकट राहिलं. ते याने उचललं. जुन्या चार सिलिंडरच्या जागी हे बसवायचं. प्रबुद्धचं म्हणणं, परदेशात सगळे करतात, मी व्हिडिओ बघितलेत, आरटीओची परवानगीही काढतोय. आणि शेवटी, "काका, तसं सोपंय. जरा बघता का?"

काका आणि जरा, एकाच दमात. चंदूने त्याला गेटपर्यंत बोलत सोडलं, म्हणजे बोलत होता चंदू एकटाच. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला जिमवाल्या पोराचे पाय शिवायला सांगतोस, हे त्यातलं सगळ्यात सभ्य वाक्य.

प्रकरण तिथेच मिटायचं. पण मध्ये सिद्धेश आला.

सिद्धेश पेडणेकर हा चंदूचा शागीर्द. नऊ वर्षं त्याने या गाळ्यात काढली, आता कांदिवलीला त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे. काचेची भिंत, फरशी अशी की जेवायला बसावं, गिऱ्हाइकाला एसीत बसवून कॉफी. चंदू त्याला दवाखाना म्हणतो. जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, दोनशेवर माणसं. प्रबुद्धने तिथे विचारलं, आणि सिद्धेशने अगदी अदबीने लिहिलं की साटम उस्ताद जुन्या गाड्यांचे राजेच आहेत, पण कॉम्प्युटरवाल्या इंजिनाचं काम आमच्याकडे पाठवा, या वयात त्यांना त्रास नको.

मालनने हे वाचून दाखवलं, कारण चंदूचा चष्मा सापडत नव्हता. राजे म्हटल्यावर तो बसूनच होता. 'त्रास नको'ला उठून उभा राहिला. सिद्धेशने शिवी दिली असती तर चंदूने ती हसत घेतली असती. काळजी घेतली, ते लागलं.

त्याने ग्रुपवर आवाज भरून पाठवला. दसऱ्याच्या दिवशी दुपारी बाराच्या आत ही गाडी याच सहा सिलिंडरच्या इंजिनावर, स्वतःच्या दमावर, वसाहतीच्या गेटाबाहेर जाईल. नाही गेली तर चंदू साटमने धंदा सोडला, गाळ्याची चावी सिद्धेशच्या हातात. निरोप सव्वातीन मिनिटांचा आहे. त्यातली शेवटची दोन मिनिटं 'हे बंद कसं करतात गं' अशी आहेत, पण पहिल्या सव्वा मिनिटात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. संध्याकाळपर्यंत तो निरोप मुलुंड, घाटकोपर, ठाणं करून परत मरोळला आला.

मग काम सुरू झालं, आणि चंदू आधी इंजिनावर चिडला. नवं इंजिन जुन्यापेक्षा हातभर लांब. पुढे सारलं तर रेडिएटरला जागा नाही, मागे सारलं तर गाडीतल्या माणसाच्या मांडीवर येतं. मधला पत्रा, इंजिन आणि सीट यांच्या मधला, कापावाच लागणार होता. खानविलकरसाहेबांच्या गाडीला ग्राइंडर लावायचा म्हटल्यावर त्याने दोन दिवस कुणालाच हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः कानस आणि छिन्नी घेऊन बसला आणि प्रत्येक ठोक्याला प्रबुद्धच्या एकेका पूर्वजाचा उद्धार केला, आजोबा सोडून. इंजिन ज्या पायांवर बसतं त्या माऊंटिंगचे साचे त्याने लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्यांतून कापले. घरात भाचेपुतण्यांच्या पत्रिकांचा ढीग होता. इंजिनाच्या डाव्या पायाखाली कित्येक दिवस 'आमचे येथे श्रीकृपेकरून' दिसत होतं.

वायरिंगला त्याने नेत्राला बोलावलं. नेत्रा वेसाव्याची कोळीण, चाळिशीची, आणि बंदरावरच्या निम्म्या होड्यांचं वायरिंग तिच्या हातचं. मासेमारीच्या बोटींना आता असलीच सहा सिलिंडरची, कॉम्प्युटरवाली इंजिनं येतात, आणि खोल समुद्रात ती बंद पडली तर कंपनीचा माणूस पोहत येत नाही. त्यामुळे तिला इंजिनाचं भय नव्हतं आणि चंदूचं तर अजिबात नव्हतं. तो ओरडायला लागला की ती कानातल्या यंत्रावर गाणी लावायची.

खरी गोम तिनेच काढली. हे इंजिन आपल्या गुलमोहराखाली मेलेल्या गाडीची किल्ली ओळखल्याशिवाय सुरूच होईना. चंदूने विचारलं, इंजिनाला काय करायचीय पंचाईत, कुणाच्या घरात आहे त्याची?

"तुमी सासुरवाडीला किती दिस चिडून होतात? तसाच ता हाय," नेत्रा म्हणाली. "त्याला कलायला नको का घर बदाललाय."

तिने भंगारातून त्या मेलेल्या गाडीचा मीटर आणि किल्ली मिळवली आणि दोन्ही सीटखाली बांधून टाकलं. इंजिनाला वाटलं आपण घरीच आहोत. पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा भाद्रपद सरत आला होता. चंदूने कान दिला, अर्धा मिनिट ऐकलं, आणि नेत्राला म्हणाला की रेडिएटरची नळी वाकडी बसलीय. नेत्राच्या म्हणण्याप्रमाणे त्याचे डोळे ओले होते. चंदूच्या म्हणण्याप्रमाणे धूर होता.

पुढचे दिवस गिअर, ब्रेक, थंड पाण्याची वाट यांत गेले. अष्टमीच्या दुपारी नेत्राला एक वायर घासलेली दिसली. वायर कुठली, तर हवा आत घेणाऱ्या नळ्यांचा जो मोठा पंजा इंजिनाच्या अंगावर बसतो, बरोबर त्याच्याखालची. पंजा उतरवावा लागला. तो उतरवला की इंजिनाची सहा भोकं एका ओळीत उघडी पडतात, आणि त्यात काही पडलं तर सरळ वॉल्व्हवर जातं. चंदूने नेहमीच्या रीतीने सहाही भोकांत चिंध्यांचे बोळे कोंबले. वायर दुरुस्त होईस्तोवर दिवेलागण झाली. उरलं ते दोन तासांचं काम.

आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

खंडेनवमीला हत्याराला हात लावायचा नाही. चंदूचा बाप त्या दिवशी गिरणीत कापसाची धूळ पुसून साच्यांना, म्हणजे मागांना, झेंडूच्या माळा घालायचा आणि हात मागे बांधून उभा राहायचा. घरी चमच्यानेसुद्धा जेवायचा नाही. ते चंदूच्या हाडात होतं. पण घड्याळही त्याला दिसत होतं. सकाळपासून तो गाळ्याबाहेर खुर्ची टाकून पंचांगावर चिडत होता. नवमी आणि दशमी एका दिवशी आणायला यांचं काय जातं, एरवी तर तिथ्या खुशाल खातात.

आत मालन पूजा करत होती. सगळे पाने उतरत्या भाजणीने पाटावर, हातोडे बाजूला, जॅकला माळ, कंप्रेसरला हळदकुंकू, आणि या वर्षीचा मुख्य देव म्हणजे अर्थातच ते इंजिन. चंदू दाराशी पाठ करून बसला होता, कारण हत्यारं नुसती पडून असलेली त्याला बघवत नाहीत.

दुपारी सिद्धेश आला. दर खंडेनवमीला नारळ घेऊन येतो, उस्तादच्या हत्यारांना हात जोडतो, प्रसाद घेतो आणि जातो. ग्रुपवरच्या त्या निरोपानंतरही आला. इंजिनावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला. म्हणाला, माऊंटिंग झकास झालंय उस्ताद. चंदूने हुं केलं. पाठ न वळवता.

दसऱ्याला पहाटे सहाला गाळा उघडला. आदल्या दिवसाचा सगळा राग रात्रभर मुरून तयार होता. चंदूने बोळे भराभरा उपटले, पंजा बसवला, बोल्ट आवळले. साडेआठला प्रबुद्ध आला, सोबत पेढे आणि गेटाशी उभा केलेला उचलून न्यायचा ट्रक. ट्रक कशाला, असं चंदूने विचारलं. प्रबुद्ध म्हणाला, असू दे, सेफ साइड, नाहीच चालली तर कांदिवलीला न्यायला. पाना गोणपाटावर गेला.

किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात लागलं, आणि लंगडायला लागलं. सगळी गाडी थरथरत होती. त्यात भात करपल्यासारखा वास सुटला. नेत्रा म्हणाली, कोनाचा भात लागला रं, आणि सगळ्यांनी मागच्या कॅंटीनवाल्याच्या नावाने नाक दाबलं. तिचं इंजिन तपासायचं यंत्र सांगत होतं, तिसरा सिलिंडर काम करत नाही.

चंदू आधी तिच्यावरच घसरला. तुझं वायरिंग, तुझा कॉम्प्युटर, तुझ्या होड्या. नेत्राने तिसऱ्याची ठिणगी देणारी कॉइल काढून पाचव्याला लावली, पाचव्याची तिसऱ्याला, आणि पुन्हा सुरू केलं. दोष तिसऱ्यातच राहिला. म्हणजे वायरिंग निर्दोष सुटलं. मग चंदूने दाब मोजला. पाच सिलिंडर पैलवानासारखे, तिसऱ्यात जेमतेम फुंकर. म्हणजे वॉल्व्ह नीट मिटत नव्हता. म्हणजे वॉल्व्हखाली काहीतरी होतं.

आत काहीतरी गेलं होतं. बोळे तर मी स्वतः कोंबले होते, स्वतः काढले. मग गेलं कसं? चंदूच्या डोक्यात हे वर्तुळ दोनदा फिरलं आणि तिसऱ्या फेरीला जिथे थांबलं तिथे सिद्धेश उभा होता, काल दुपारी, इंजिनावर हात ठेवून.

त्याने फोन लावला. फोन गाळ्याबाहेर लावला, आणि बाहेर वसाहतीतले निम्मे लोक आपापल्या मशिनींना फुलं वाहून प्रसाद वाटत होते. चोर म्हणाला. हरामखोर म्हणाला. नऊ वर्षं माझ्या ताटातलं खाल्लंस आणि पूजेच्या दिवशी माझ्या इंजिनात माती घातलीस, असं म्हणाला. वीसपंचवीस माणसांच्या हातातला पेढा हातातच राहिला.

पलीकडून सिद्धेश एवढंच म्हणाला की हात लावू नका, मी येतो.

पावणेअकराला तो आला. नव्या सदऱ्यात होता, त्याच्याकडेही पूजा होती. कुणाकडे न बघता त्याने पेटीतून वायरीसारखा बारीक कॅमेरा काढला, तिसऱ्या सिलिंडरचा प्लग खोलला आणि तिथून आत सोडला. मोबाइलवर चित्र यायला लागलं. नेत्रा, प्रबुद्ध, शेजारच्या गाळ्यातले दोघं, सगळे वाकले. चंदूही वाकला, चष्मा कपाळावरून खाली ओढून.

वॉल्व्हच्या कडेला दोन दाणे चिकटले होते. एक पार जळून काळा. दुसरा अर्धा, आणि तो लाल.

"ह्ये तर अक्षता हायेत," नेत्रा म्हणाली.

मालन तेवढ्यात जेवणाचा डबा आणि आपट्याची पानं घेऊन आली होती. तिला माणसांच्या घोळक्यातून वाट करून दिली. तिने चष्मा लावला, चित्र नीट बघितलं आणि अगदी सहज सांगितलं, "माझेच ते. तूप लावलेले असतत, म्हणान चिकाटले."

काल तिने सहाही बोळे काढून बाजूला ठेवले होते. इंजिनावर फुलं वाहिली, अक्षता टाकल्या, आरती झाल्यावर बोळे होते तसे परत बसवले. एकही इकडचा तिकडे नाही. गेली एकोणतीस वर्षं ती या गाळ्यातली प्रत्येक वस्तू होती तशी परत ठेवत आली होती.

"कोणी सांगितलं होतं बोळे काढायला?" चंदूने विचारलं. आवाज फार मोठा नव्हता.

"तोंडात मळके बोळे घालून कोणत्या देवाची पूजा करतत?" मालन म्हणाली.

आजूबाजूच्यांनी मान डोलावली. शेजारच्या गाळ्यातला एक जण हळूच म्हणाला, वहिनींचं बरोबर आहे. सगळे आता स्फोटाची वाट बघत होते. चंदूचा हात पान्यावर गेलाही. पण कुठे फेकायचा ते त्याला कळेना, आणि तेवढ्यात सिद्धेश बोलला.

"उस्ताद, बॅटरी मारली होती?"

चंदू चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागला.

इथे थोडं सांगायला हवं. भोक उघडलं की बंद करायच्या आधी आत बॅटरीचा उजेड टाकायचा, बोट घालून बघायचं, मगच बंद करायचं, हा या गाळ्याचा कायदा. तो चंदूने बनवला होता. सिद्धेशला तो शिकवताना पहिल्या वर्षी तीनदा कानाखाली वाजवली होती. आज सकाळी घड्याळावर, पंचांगावर, ट्रकवर आणि साऱ्या जगावर चिडलेल्या चंदूने सहा बोळे उपटले आणि एकाही भोकात डोकावून बघितलं नाही. बॅटरी तेव्हा त्याच्या खिशात होती. आत्ताही होती.

"नाही मारली," सिद्धेश स्वतःच म्हणाला. कॅमेरा गुंडाळून त्याने टेबलावर ठेवला. मग या अदबशीर माणसाचा आवाज चढला, आणि तो चढलेला मरोळमध्ये कुणीच ऐकला नव्हता. "नऊ वर्षं तुमच्या शिव्या खाल्ल्या मी. आयशप्पत सांगतो, एकाही शिवीचं वाईट नाही वाटलं. प्रत्येक शिवीत काहीतरी शिकायला होतं. आजच्यात काय होतं? ग्रुपवर मी लिहिलं ते तुमच्या पाठदुखीसाठी लिहिलं. तुम्ही त्याची पैज केलीत. आणि आता चार लोकांत मला चोर केलंत. गाडी मी नेणार नाही. त्या ट्रकला सांगा कुठे जायचं ते जा."

आणि तो गेला. पेढा दिला होता तोही टेबलावर ठेवून गेला.

बाराचा भोंगा वाजला. प्रबुद्धने घसा साफ केला. त्याला विचारायचं होतं की आता नक्की ठरलं काय, पण चंदूने त्याच्याकडे बघितल्यावर तो बाहेर जाऊन ट्रकवाल्याशी हवापाण्याच्या गप्पा मारू लागला. चंदूने गाळ्याचं शटर खाली ओढलं. लोकांना वाटलं, शब्दाला जागला, संपलं. मग शटरमागून पान्यांचा आवाज यायला लागला. आत चंदू, नेत्रा आणि मालन. पंजा पुन्हा उतरवला. इंजिन हाताने फिरवून तिसऱ्याचा वॉल्व्ह उघडा केला, पितळी तारेने दाणे खरवडले, हवेच्या झोताने उडवले. मग चंदूने सहाही भोकांत बॅटरी मारली. एकदा मारली, परत पहिल्यापासून मारली. चौथ्यात आणखी एक दाणा होता, मागे अडकून राहिलेला. या सगळ्या वेळात तो एक शब्द बोलला नाही, आणि नेत्रा म्हणते की ते ऐकवत नव्हतं. शेवटी तिनेच त्याला एक शिवी घातली, तोंड उघडावं म्हणून. नाही उघडलं.

पावणेचारला शटर वर गेलं. इंजिन सहाच्या सहा सिलिंडरांवर असं चालत होतं की बॉनेटवर पाणी भरलेला पेला ठेवला तर हलू नये. प्रबुद्ध धावत आला, किल्लीसाठी हात पुढे केला. चंदूने मालनला बस म्हणून सांगितलं. गाडीला सीटा दोनच. प्रबुद्ध फुटपाथवर राहिला आणि मग रिक्षा शोधू लागला.

हायवेवर चंदू डाव्या लेनमधून चालला होता. मोटारसायकलवाल्यांवर चिडत होता, मेट्रोच्या खांबांवर चिडत होता, पुढच्या बसच्या धुरावर चिडत होता. पण पायाखाली इंजिन होतं, आणि नुसता अंगठा दाबला की ते असं उचलत होतं की मालनने दोन्ही हातांनी दार धरलं होतं. गोरेगाव गेल्यावर ती म्हणाली, "माझ्यार चिडाक नाय तुम्ही अजून."

"घराक गेल्यार," चंदू म्हणाला.

कांदिवलीला सिद्धेशच्या काचेच्या वर्कशॉपसमोर गिऱ्हाइकांच्या गाड्या पूजेला रांगेत उभ्या होत्या. हिरवी गाडी बघून माणसं गोळा झाली. सिद्धेश बाहेर आला, पण पायरीवरच थांबला. चंदूने खिशातून गाळ्याची चावी काढली आणि पुढे धरली.

"बारा वाजून गेले होते," तो म्हणाला.

"चावीचं नंतर बघू. चोर म्हणालात, तो शब्द आधी परत घ्या."

"चोर नाही म्हटलं. हरामखोर म्हटलं."

"दोन्ही म्हणालात."

चंदूने वळून मालनकडे बघितलं. ती गाडीतून उतरायची खटपट करत होती. दार फार खाली होतं. "दोन्ही," ती म्हणाली.

रस्त्यावरून एक पाण्याचा टँकर गेला. तो पुरता जाईपर्यंत चंदू थांबला, म्हणजे ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा म्हणावं लागू नये.

"दोन्ही परत," तो म्हणाला.

सिद्धेशने चावी घेतली. आपल्या नव्या सदऱ्याच्या खिशात टाकली. चंदूचा चेहरा उतरलेला जमलेल्या लोकांनी बघितला. त्याला वाटलं होतं की पोरगा हात जोडून परत देईल. सिद्धेशने तसलं काही केलं नाही. तो म्हणाला, "उद्या नऊला मी येऊन शटर उघडतो. तुम्ही सव्वानऊपर्यंत या. उशीर नको. आणि बॅटरी घेऊन या."

त्यावर चंदूची शीर उभी राहिली. माझ्याच गाळ्यात मला उशीर शिकवतो, असं तो भर रस्त्यात म्हणाला, आणखीही पुष्कळ म्हणाला. सिद्धेश आता मागे हटत नव्हता. त्याने बॉनेट उघडलं, आणि रेडिएटरची नळी स्टिअरिंगच्या दांड्याला घासतेय म्हणून तोही ओरडायला लागला. दोघं बॉनेटमध्ये डोकी घालून भांडत असताना रिक्षातून प्रबुद्ध उतरला आणि आता गाडी नेऊ का म्हणाला. दोघांनीही डोकं वर न काढता त्याला आत एसीत जाऊन बसायला सांगितलं. मालन तिथे आधीच कॉफी पीत बसली होती. तिने त्याच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चंदू पावणेनऊला मरोळला हजर होता. बंद शटरसमोर खुर्ची नव्हती, खुर्ची आत होती. तो उभा राहिला. नऊ वाजले. सव्वानऊ वाजले. सिद्धेश नऊ पंचवीसला आला, आणि वसाहतीच्या तिसऱ्या ओळीतल्या लोकांनी चहाचे पेले खाली ठेवून ऐकलं, कारण चंदू सुरू झाला होता आणि सिद्धेश खाली वाकून, एकेक कुलूप काढत, मान हलवत ऐकून घेत होता.